आईंच्या कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनऐवजी गुग्गुळ चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं वय ५८, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १६८, रक्तदाब-मधुमेह नाही, थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी अटॉर्वास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन वर्गातली गोळी लिहून दिली. ‘एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते’ म्हणून आईंना ती नको आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलं, गुग्गुळ म्हणजे आयुर्वेदातलं स्टॅटिनच, तोच घ्या. तुमच्या भावाने मात्र वाचलं की अमेरिकेतल्या अभ्यासात गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उलट वाढलं. आता घरात दोन तट पडलेत, आणि कच्छहून आणलेलं गुग्गुळाचं रोप तुमच्या गच्चीत कुंडीत आहे, त्याचा डिंक काढून वापरता येईल का, हेही विचारलंय.

मी वैद्य आहे, द्रव्यगुण म्हणजे औषधी द्रव्यांच्या गुणांचं शास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय, आणि गुग्गुळाचे कल्प म्हणजे त्याची तयार औषधं माझ्या चिकित्सेत रोज असतात. त्या नात्याने आधीच स्पष्ट सांगते: गुग्गुळाच्या भरवशावर आईंचं स्टॅटिन टाळू नका. काकू आणि भाऊ दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण दोघं ज्या गुग्गुळाबद्दल बोलताहेत तो एक नाही. ग्रंथातला गुग्गुळ, प्रयोगशाळेतला अर्क आणि दुकानातली डबी या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकीबद्दलचा पुरावा उचलून दुसरीला लावला की असे तट पडतात. म्हणून जरा मुळापासून सांगते.

गुग्गुळाचं झुडूप कमरेपासून ते पुरुष-दीड पुरुष उंचीचं, वेडंवाकडं, काटेरी. कच्छ, जैसलमेर, बाडमेर, जोधपूर आणि सीमेपलीकडे सिंध-बलुचिस्तान हा त्याचा मुख्य मुलूख. जिथे पाऊस जेमतेम, जमीन खडकाळ किंवा वाळूची, तिथे ते तग धरतं. वर्षाचा बराच काळ त्यावर पान नसतं. पाऊस पडला की छोटी त्रिदळी पानं फुटतात आणि लवकरच झडतात. ओळखायची खूण सालीत आहे: वरची साल पिवळट, कागदासारखी पातळ, पापुद्र्यांनी सुटून येणारी, आणि तिच्याखाली हिरवी साल. आतल्या सालीत राळेच्या नलिका असतात. खाच पडली की त्यातून दाट, पिवळसर स्राव येतो, हवेवर घट्ट होतो, तोच गुग्गुळ. हिराबोळ याच प्रजातीतला आणि आपल्या सातपुड्यातली सालई याच कुळातली. ही भावकी लक्षात ठेवा, बाजाराबद्दल बोलताना तिचं काम पडेल.

वापर फार जुना आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात गुग्गुळावर सूक्त आहे. ज्याच्यापर्यंत या औषधाचा सुगंध पोचतो त्याला यक्ष्मा अडवत नाही, असं त्यात म्हटलंय, आणि गुग्गुळ ‘सैंधव’ म्हणजे सिंधूकडचा असल्याचाही उल्लेख आहे. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओवा-वावडिंगाबरोबर गुग्गुळाची धुरी द्यायची रीत होती, देवापुढे धूप आजही जळतो. (तान्ह्या बाळाच्या खोलीत धूर कोंडू नका, एवढं जाता जाता सांगते. बाळाच्या फुप्फुसांना कुठलाच धूर चांगला नाही.) पोटात घ्यायचं औषध म्हणून मात्र गुग्गुळाची खरी मांडणी संहितांमध्ये येते. तुमच्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे, तो भाग सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात आहे.

तिथे सुश्रुत स्थौल्याचं म्हणजे लठ्ठपणाचं वर्णन करतो. कफ वाढवणारा आहार, खाल्लेलं पचण्याआधी पुन्हा खाणं, व्यायाम नाही, दिवसा झोप. यातून न पचलेला गोडसर अन्नरस शरीरभर फिरतो आणि मेद वाढवतो. वाढलेल्या मेदाने मार्ग अडतात, बाकीच्या धातूंचं (रक्त, मांस, हाडं यांचं) पोषण होत नाही, आणि पुढे प्रमेहपिडका (मधुमेहासारख्या विकारातल्या पुळ्या), विद्रधी (गळू), वातविकार यांपैकी एखादं निमित्त होऊन माणूस दगावतो. उपाय म्हणून शिलाजतु (शिलाजीत), गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्म, मध, जव, मूग, वरईसारखी हलकी धान्यं, म्हणजे रुक्ष करणारं आणि खरवडून काढणारं सगळं एकत्र सांगितलं आहे. ही यादी नीट पाहा. गुग्गुळ तिथे एकटा येत नाही. जव, मूग आणि व्यायामाच्या पंगतीत येतो.

साठच्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने हाच उतारा हाती घेतला. मेदाने मार्ग अडणं हे वर्णन धमन्यांत चरबी साचण्याच्या विकाराशी जुळतं, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, काहींना बरोबर गुग्गुळ दिला, आणि गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि धमन्यांमधला साठा कमी आढळला. हा प्रबंध १९६६ चा. सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. जुना श्लोक वाचून त्यातून तपासता येईल असा प्रश्न काढणं आणि तो प्रयोगाने तपासणं, ही पद्धत मला आजही आदर्श वाटते. ‘आपल्या ग्रंथांत सगळं आहेच’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘ग्रंथांत काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे काम वाचायला हवं.

त्यानंतर गोष्ट रसायनशास्त्राकडे गेली, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुग्गुळाची राळ उकलली. १९७२ साली त्यातल्या स्टेरॉइड घटकांवरचं काम प्रसिद्ध झालं. गुग्गुलस्टेरॉन हे नाव त्यातूनच पुढे आलं. त्याची ई आणि झेड अशी दोन रूपं आहेत. मग लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथिल ॲसिटेट या द्रावकाने गुग्गुळाचा अर्क काढला. कोलेस्टेरॉलवरचा परिणाम द्रावकात उतरणाऱ्या भागात होता आणि न उतरणारा मोठा गाळ त्रासदायक, म्हणून गाळ टाकून दिला. उरलेल्या अर्कात गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण ठरावीक राखलं. हाच ‘गुगुलिपिड’. ऐंशीच्या दशकात त्याला भारतात औषध म्हणून परवानगी मिळाली.

आता काकूंच्या बाजूचा पुरावा. १९८९ साली गुगुलिपिडच्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं २०५ रुग्णांना दिलं, आणि त्यांतल्या सत्तर-ऐंशी टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) दोन्ही सरासरी वीस टक्क्यांहून जास्त उतरले. पण चाचणीचा हा भाग खुला होता: काय दिलं जातंय ते रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं. त्याच अभ्यासात दुसऱ्या भागात क्लोफायब्रेट या त्या काळच्या औषधाशी तुलना झाली, कोणाला काय दिलंय ते झाकून. तिथे गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल उतरलं ते ११ टक्क्यांच्या आसपास. झाकलं की आकडा निम्म्यावर आला, हे विसरू नका. १९९४ मध्ये मुरादाबादहून ६१ रुग्णांचा, २४ आठवड्यांचा अभ्यास आला. दोन्ही गटांना फळं-भाज्यांचा आहार, एका गटाला वर गुग्गुळ. त्यात एलडीएल साडेबारा टक्के उतरलं. छोटा अभ्यास आहे, त्यावर फार भार टाकता येत नाही.

आणि हा भावाचा पुरावा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने १०३ प्रौढांवर चाचणी केली, २००३ साली ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली. तीन गट: एकाला १००० मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा, दुसऱ्याला २००० मिलिग्रॅम तीनदा, तिसऱ्याला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. कोण काय घेतंय ते झाकलेलं. आठ आठवड्यांनी खोट्या गोळीच्या गटाचं एलडीएल ५ टक्के उतरलं होतं, आणि गुग्गुळाच्या दोन गटांचं ४ आणि ५ टक्के वाढलं होतं. शिवाय गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, खोट्या गोळीच्या गटात कोणाच्याच नाही. २००९ मध्ये नॉर्वेतल्या ४३ जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरलं, एलडीएलवर परिणाम दिसला नाही.

आमच्यातले काही जण अमेरिकेची चाचणी एका वाक्यात उडवून लावतात: तिथल्या लोकांचा आहार वेगळा, प्रकृती वेगळी, वैद्याने तपासलेलं नाही. यातला आहाराचा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पण मग हाच न्याय आपल्याकडच्या अनुकूल अभ्यासांनाही लावावा लागेल. तिथेही प्रकृती बघून औषध दिलं नव्हतं, तिथेही अर्कच होता. चाचण्यांपैकी रचनेने जास्त काटेकोर ती अमेरिकेची आहे, आणि तिचं उत्तर नकारार्थी आहे. हे मला मान्य करावं लागतं आणि मी करते. त्याच वेळी, त्या चाचणीत सुश्रुताच्या उपायाची परीक्षा झाली असंही मी म्हणणार नाही, कारण शोधन केलेला म्हणजे काढ्यात शिजवून शुद्ध केलेला गुग्गुळ, त्याच्याबरोबरची द्रव्यं, आहार आणि रोग्याची निवड यांपैकी तिथे काहीच नव्हतं. परीक्षा झाली ती गुगुलिपिड धर्तीच्या अर्काची. तुमच्या आईंच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दुकानात ‘कोलेस्टेरॉलसाठी’ म्हणून जी गुग्गुळाची कॅप्सूल मिळते, ती बहुधा याच अर्काची बहीण असते.

आता आईंचा हिशेब करू. अटॉर्वास्टॅटिन १० हे मध्यम ताकदीत मोडतं. एलडीएल ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरतं. १६८ चे साधारण ११०-११५ होतील. गुग्गुळाच्या बाजूचा मुरादाबादचा भला आकडा धरला तरी १६८ चे १४७. आणि आकड्याच्या पलीकडे एक गोष्ट आहे: स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी होतात हे हजारो रुग्णांच्या, अनेक वर्षांच्या चाचण्यांत दिसलंय. गुग्गुळाने झटके टळतात का, हे तपासणारी तशी चाचणी झालेली नाही. म्हणून काकूंचं ‘आयुर्वेदातलं स्टॅटिन’ मला पटत नाही.

पण आईंना स्टॅटिन लागतंच का, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. आईंच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला होता का? कंबरेचा घेर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड, उपाशीपोटीची साखर किती? यावर जोखीम ठरते आणि जोखमीवर गोळी. हा हिशेब डॉक्टरांनी केला असेल. नसेल मांडून दाखवला तर विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

याहून मोठी गोष्ट तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिली आहे: थायरॉइडची गोळी. थायरॉइड कमी काम करत असेल आणि गोळीची मात्रा अपुरी पडत असेल, तर तेवढ्यानेच एलडीएल वाढतं. आईंचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारी रक्तचाचणी, शेवटची कधी झाली? एलडीएलच्या त्याच अहवालात ते होतं का? नसेल तर आधी ते करून घ्या. टीएसएच वाढलेलं निघालं, गोळीची मात्रा दुरुस्त झाली, की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल आपोआप खाली आलेलं माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये मी पुष्कळदा पाहिलंय. अशा वेळी स्टॅटिन की गुग्गुळ हा वादच उरत नाही.

गुग्गुळाच्या बाबतीत थायरॉइड आणखी एका कारणाने महत्त्वाचं. बनारसच्याच संशोधकांनी उंदरांवर केलेल्या कामात झेड-गुग्गुलस्टेरॉनने थायरॉइडचं काम वाढलेलं दिसलं होतं. माणसांत हा परिणाम किती हे सांगण्याइतका भक्कम पुरावा नाही, पण जी बाई मोजून-मापून थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेतेय तिला गुग्गुळ सुरू करायचा तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं, हा माझा नियम आहे.

आता ‘आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार’ याबद्दल. २००२ मध्ये गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एफएक्सआर या ग्राहीला (पेशीतल्या संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) अडवतं असा शोध प्रसिद्ध झाला. हा ग्राही पित्ताम्लांचा ताबा ठेवतो, आणि कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर होतं, त्यामुळे त्या वेळी सगळ्यांना वाटलं की आता कोडं सुटलं. पुढे दिसलं की गुग्गुलस्टेरॉन इतरही अनेक ग्राहींना हात लावतं. त्यातला पीएक्सआर नावाचा ग्राही जागा झाला की यकृत औषधं मोडून काढणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनवतं. ज्या विकराने अटॉर्वास्टॅटिन मोडतं तेच हे. म्हणजे आईंनी दोन्ही एकत्र सुरू केलं, तर स्टॅटिनचा परिणाम कमी होण्याची शक्यता आहे, आणि उलट बाजूला गुग्गुळाच्या उत्पादनांबरोबर स्नायूंना इजा झाल्याच्या तुरळक नोंदीही आहेत. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब-हृदयाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण गुगुलिपिडमुळे घटतं, हे माणसांवर मोजलं गेलंय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही स्वतःच्या मनाने गुग्गुळ घेऊ नये. गर्भारपणात तर नाहीच. मासिक पाळी आणणारं द्रव्य म्हणून ते आमच्याकडे ओळखलं जातं. पोट बिघडणं, पातळ होणं, डोकं दुखणं, अंगावर पुरळ हे त्रास मी स्वतः पाहिलेत, विशेषतः पित्तप्रकृतीच्या माणसांत आणि वैशाखात. भावप्रकाशात गुग्गुळ घेणाऱ्याने आंबट, तिखट, अपचन, ऊन, मद्य, अतिश्रम आणि राग टाळावा असं पथ्य सांगितलंय. द्रव्य उष्ण-तीक्ष्ण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एवढं सगळं लिहिल्यावर तुम्ही विचाराल, मग वैद्यबाई गुग्गुळ वापरता कशाला? कारण त्याचं मोठं क्षेत्र कोलेस्टेरॉलचा आकडा हे नाहीच. सांधे, सूज, व्रण, गाठी, वात, आमवात (सुजलेले, ताठरलेले सांधे) यांत आम्ही तो वापरतो. संधिवातात योगराज गुग्गुळ, आमवातात सिंहनाद, वातरक्तात (गाउटसारख्या दुखण्यात) आणि त्वचेच्या तक्रारींत गुळवेलीचा कैशोर, मूत्रमार्गासाठी गोक्षुरादि, हाडाला मार असेल तर लाक्षादि, व्रण आणि भगंदरात त्रिफळा गुग्गुळ. स्थौल्यासाठी मेदोहर आहे, पण मी तो जेवण-व्यायाम बदलायला तयार असलेल्या माणसालाच देते. नाही तर यादीतला एक घटक उचलून बाकीची पंगत उठवल्यासारखं होतं. आधुनिक पद्धतीचा आधार इथेही थोडाच आहे: गुडघ्याच्या संधिवातात ३० रुग्णांवर २००३ मध्ये छोटी खुली चाचणी झाली, तीत दुखणं आणि हालचाल सुधारली, गाठींच्या मुरुमांत १९९४ मध्ये २० रुग्णांवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाशी तुलना झाली, तीत दोन्ही औषधं जवळपास सारखी उतरली. एवढ्याशा आकड्यांवरून छातीठोक बोलता येणार नाही. परंपरेतला दीर्घ अनुभव आणि माझा रोजचा अनुभव याच दिशेचा आहे, म्हणून मी ते वापरते, आणि रुग्णालाही आधार किती आहे ते तसंच सांगते.

हे कल्प करताना कच्चा गुग्गुळ कधीच घेत नाहीत. शोधन प्रत्यक्ष पाहिलंत तर कारण लगेच कळेल. बाजारातून आलेले खडे तपकिरी, कुठे पिवळसर, हाताला चिकटणारे. त्यात साल, काटक्या, वाळू. मोठा कचरा निवडून, फोडून ते फडक्यात बांधतात आणि पुरचुंडी त्रिफळ्याच्या उकळत्या काढ्यात लोंबकळत ठेवतात, यालाच दोलायंत्र म्हणतात. काही ठिकाणी गुळवेलीचा काढा, गोमूत्र किंवा दूध घेतात. हळूहळू काढा गढूळ, दुधट-तपकिरी व्हायला लागतो आणि घरभर तो कडवट-गोड वास सुटतो. शेवटी फडक्यात उरते ती मूठभर वाळू आणि सालीचे तुकडे. काढा आटवून, घट्ट झाल्यावर तूप लावलेल्या ताटात पसरून वाळवतात, आणि मग लोखंडी खलात तुपाचा हात लावत लावत कुटतात. नीट कुटलेला गुग्गुळ मेणासारखा मऊ होतो, मग त्यात बाकीची चूर्णं मिसळून गोळ्या वळतात. जुने वैद्य या कुटण्यावर फार भर देत.

आणखी एक बारकावा. भावप्रकाश म्हणतो, नवा गुग्गुळ शरीर भरणारा, बृंहण. जुना झालेला अतिलेखन, म्हणजे खरवडणारा. नवा ओळखायचा तो सोनेरी छटेचा, पिकल्या जांभळासारखा, स्निग्ध आणि सुगंधी. जुना सुकलेला, मूळ रंग-वास गेलेला. मेदासाठी कोणता आणि धातुक्षयासाठी (शरीर झिजलेल्यासाठी) कोणता हे यावर ठरायचं. एकाही चाचणीत राळेचं वय हा मुद्दा विचारात घेतलेला मला आढळला नाही. माझ्या मते हा सरळ तपासता येण्याजोगा प्रश्न आहे: नव्या आणि जुन्या राळेत कोणते घटक किती बदलतात ते मोजायचं, मग परिणाम बघायचा. सत्यवतींनी दाखवलेली वाट ती हीच.

बाजाराबद्दल. खऱ्या गुग्गुळाला भाव आहे आणि माल अपुरा, त्यामुळे भेसळ होते. बाभळीचा डिंक, इतर राळा, आणि ‘सालई गुग्गुळ’ या नावाने सालईची राळ विकली जाते. सालई स्वतःच्या जागी चांगलं औषध आहे, संधिवातात तिचा उपयोग होतो, पण तिच्यातले घटक निराळे, बॉस्वेलिक आम्लं; गुग्गुलस्टेरॉन तिच्यात नाही. जुनी परीक्षा अशी: गुग्गुळ विस्तवावर जळतो, उन्हात ठेवला की मऊ पडतो, गरम पाण्यात घोळला की दुधासारखं पाणी होतं. ढोबळ भेसळ यात पकडली जाते, हुशारीने केलेली नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून सुटा गुग्गुळ आणून घरी खाऊ नका. कल्प घ्यायचा तर नावाजलेल्या कारखान्याचा, बॅच क्रमांक आणि परवाना असलेला, वैद्याने लिहून दिलेलाच घ्या.

आता तुमच्या कुंडीतल्या रोपाबद्दल. त्याला चिरा देऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय. हे झाड वाढायला फार सावकाश. डिंक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि मग एका हंगामात मिळतो तो काही शे ग्रॅम. जास्त डिंक मिळावा म्हणून कच्छ-राजस्थानात खोल खाचा पाडून त्यात मोरचूद आणि जनावराचं मूत्र घातलेला लगदा भरण्याची रीत पडली. डिंक भळाभळा येतो आणि झाड वाळून मरतं. त्यात आणखी अडचण म्हणजे या जातीत नर झाडं अत्यंत विरळ आहेत आणि बी बहुतेक परागीभवनाशिवायच धरतं. नव्या पिढीत विविधता फारशी येत नाही, आणि बियांतून रुजून मोठी होणारी रोपंही थोडीच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. इथिफॉन हे झाडांवर वापरायचं रसायन घेऊन हलक्या चिरेने जास्त डिंक मिळवण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच मांडली होती. अजमेरजवळ मांगलियावासला गुग्गुळाचं क्षेत्र राखलंय, गुजरात-राजस्थानात लागवडीचे प्रकल्प चालू आहेत. पण मागणी त्याहून खूप मोठी, आणि तिचा मोठा भाग आयातीवर चालतो. पुरावा नसलेल्या कामासाठी, केवळ जाहिरात पाहून डब्याच्या डबे गुग्गुळ खाल्ला गेला, तर ज्या सांध्यांच्या आणि व्रणांच्या रुग्णाला तो खरोखर द्यावासा वाटतो त्याच्यासाठी उरणार नाही. एक वैद्य म्हणून हे मला सगळ्यात जास्त सलतं. रोप मात्र सांभाळा: वाळू मिसळलेली, पाणी न धरणारी माती, भरपूर ऊन, माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. पावसाळ्यात आडोशाला घ्या, पाणी साचलं की मुळं कुजतात. पुढे फांद्या जून झाल्या की त्यांच्या छाटांपासून आणखी रोपं होतील. ती शेजारीपाजारी वाटा.

आईंसाठी मी सांगेन ते या क्रमाने. आधी टीएसएच, आणि त्याच वेळी उपाशीपोटीची साखर व यकृताच्या चाचण्या. टीएसएच बिघडलेलं असेल तर थायरॉइडची मात्रा सुधारून दोन-तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल पुन्हा मोजायचं, तोवर स्टॅटिन सुरू करणं लांबवता येईल का हे डॉक्टरांनाच विचारायचं. टीएसएच ठीक असेल आणि डॉक्टरांच्या हिशेबात जोखीम जास्त असेल, तर गोळी सुरू करायची. ‘जन्माची’ ही भीती असेल तर तीन महिन्यांची मुदत ठरवा: आकडा किती उतरला, अंग-स्नायू दुखतात का, हे बघून पुढचं डॉक्टरांशी बोला. सुश्रुताच्या यादीतली निर्धोक अर्धी बाजू आईंनी आजपासून सुरू करावी: दुपारची झोप बंद, आधीचं पचल्याशिवाय पुढचं खाणं नाही, जेवणात जव-मूग-वरई, आणि गुडघ्यांना झेपेल तेवढं रोज चालणं. गुडघ्यांसाठी गुग्गुळाचा कल्प घ्यायचा असेल तर जवळच्या वैद्यांना प्रत्यक्ष दाखवा, आणि जाताना आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, थायरॉइडची आणि ही नवीही. कल्प सुरू झालाच तर तो थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास दूर ठेवा, तो सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि अंगावर पुरळ उठलं, लघवी गडद झाली किंवा स्नायू कारण नसताना दुखायला लागले, तर त्याच दिवशी तो बंद करून डॉक्टरांना फोन करा.